थोरल्या साडूंची उतरवणी

आमच्या थोरल्या साडूंइतका विद्वान माणूस सबंध बुलढाणा जिल्ह्यात नव्हता, आणि एवढ्या विद्वत्तेचा कुणाला काडीइतका उपयोग झाल्याचंही जिल्ह्यात कुणी पाहिलं नव्हतं, असं मी कितीतरी वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. सांगण्याची जागा खामगावातली आमची कचेरी, वेळ मधल्या सुट्टीतल्या चहाची, आणि ऐकणारे माझ्यासारखेच कारकून. "काय हो, साडूंची काही नवी खबर?" असं कुणी विचारायचा अवकाश, मी खुर्ची पुढे ओढलीच. साडू जानेफळला गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. म्हणजे कागदावर कंपाउंडर. मनानं ते इंजिनियर. रेडिओ दुरुस्तीचा पोस्टानं येणारा कोर्स त्यांनी पुरा केला होता. त्याचं सर्टिफिकेट चौकटीत घालून त्यांनी दवाखान्यात टांगलं होतं, आणि त्याच्या बरोबर खाली बैलाच्या पोटाचा रंगीत तक्ता. हे दोन्ही विषय त्यांच्या डोक्यातही तसेच एकाखाली एक टांगलेले होते आणि वाऱ्यानं अधूनमधून एकमेकांवर आपटत.

त्यांचा सिद्धांत असा, की यंत्र आणि जनावर यांची जात एकच. दोघांनाही तोंडानं सांगता येत नाही. म्हणून शेजारणीचं शिवणयंत्र अडलं तेव्हा त्यांनी आधी त्याच्या पोटाखालून हात फिरवला, मग चाक उलटं फिरवून कान लावला आणि म्हणाले, "वहिनी, हिले दोन दिवस आराम द्या. थकली बिचारी." तिसऱ्या दिवशी यंत्र चालू लागलं. मधल्या काळात त्यांनी गुपचूप तेल घातलं होतं हे मला अक्कांकडून, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीकडून कळलं. पण श्रेय त्यांनी तेलाला दिलं नाही, आरामाला दिलं. कुठलीही वस्तू दुरुस्तीला आली, की दवाखान्यातल्या कोऱ्या केस पेपरसारखा एक कागद ते स्वतःच्या वहीतून आखून घेत आणि त्यावर रुग्णाचं नाव, वय, लक्षणं, निदान, उपाय अशी रीतसर नोंद करत. गजराच्या घड्याळाच्या कागदावर 'लक्षणे: वेळेआधी ओरडते' असं लिहिलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलंय. त्यांच्या प्रत्येक पॅन्टला डाव्या गुडघ्याशी भोकं असत. बॅटरीतलं तेजाब सांडून पडलेली. अक्कांनी त्यांवर इतकी ठिगळं लावली होती, की मूळ कापड कोणतं हे सांगणं अवघड होतं.

शिवाय त्यांचा एक नियम होता. तो ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्या नियमानं घडवलं. 'जोडणी आधी, प्रवाह नंतर.' सगळे स्क्रू पक्के आवळल्याशिवाय बटण दाबायचं नाही, आणि एकदा बटण दाबल्यावर तारेला हात लावायचा नाही. "धार काढताना म्हशीले कोनी छेडते का, साडूभाऊ?" ते विचारत. मी आयुष्यात म्हशीची धार काढलेली नाही, तेव्हा नुसती मान डोलवी.

आता आमच्या सासूबाई. माहेर लोणारचं, स्वभाव करडा. सासरे गेल्यापासून, म्हणजे बारा वर्षं, त्या थोरल्या मुलीकडे जानेफळलाच होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं आणि त्यांना फक्त उजेड तेवढा कळे, माणूस कळत नसे. त्यांचं सगळं जग म्हणजे एक खाट, भिंतीतल्या कोनाड्यात पडद्यामागे बसवलेले देव आणि उशाशी सहा व्होल्टचा एक ट्रान्झिस्टर रेडिओ. सकाळी अभंग, दुपारी कापसाचे भाव. घरात कापसाचं एक बोंड नव्हतं. पण भाव पडला की त्यांचं जेवण कमी होई. थोरल्या जावयाशी त्या जुन्या रीतीप्रमाणे थेट बोलत नसत. तो समोर उभा असला तरी अक्कांना सांगत, "म्हणा त्याईले, बाजूले व्हा." आणि गुरांच्या रोगराईत हात घालणारा माणूस म्हणून त्याला देवाच्या कोनाड्याजवळ मज्जाव होता. बारा वर्षांत साडूंनी तो पडदा वर करून पाहिला नव्हता. मी मात्र खामगावचा, कचेरीतला, स्वच्छ कपड्यांचा, येताना पेढे आणणारा. माझ्याशी त्या थेट बोलत. मला 'बापू' म्हणत. मला हे सगळं अगदी योग्य वाटे.

महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. जानेफळात वीज आली होती, पण साडूंच्या गल्लीचा खांब काही केल्या पुढे सरकत नव्हता. रेडिओचे सेल भराभर संपत, आणि सेल संपले की सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहत. ते साडूंना बघवेना. त्यांनी एका ट्रकवाल्याकडून जुनी बारा व्होल्टची बॅटरी मिळवली आणि बाराचे सहा करणारं यंत्र स्वतःच्या हातानं बनवलं. वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात बसवलेलं. त्याचं नाव त्यांनी ठेवलं 'उतरवणी'.

मी मॅट्रिकला सायन्स घेतलेला माणूस. मी लगेच म्हणालो, "बॅटरीत सहा घरं असतात. तीन घरांवरून तार काढा की! झाले सहा व्होल्ट."

"आन् उरलेले तीन बसून खातीन?" साडू म्हणाले. "जोडीतला एकच बैल रोज जुंपाचा, तं दुसरा माजन आन् पयला मरन."

"मग मधे रोधक घाला."

"म्हंजे अर्धी वीज जाळाची. चारा अर्धा खाऊ घालाचा आन् अर्ध्याले काडी लावाची." मग ते उतरवणीवर घसरले, आणि एकदा घसरले की एस.टी. निघून गेली तरी थांबत नसत. "गाय कशी खाते? भसाभसा तोंड घालते, थांबते, पुन्हा घालते. पन पोटात रवंथ सावकाश, एका तालात. ही तशीच. आत एक ट्रान्झिस्टर हाय, रेडिओ नाई, मटाराएवढा पुर्जा, तो वीज घेते-सोडते, घेते-सोडते, सेकंदाले हजारदा. मंग ही तारेची गुंडाळी त्याचा रवंथ करते. बाहीर निंगतात शांत सहा व्होल्ट." इंजिनियर लोक हे कसं समजावून सांगतात मला ठाऊक नाही, पण मला ते तेव्हा समजलं आणि आजही समजलेलं आहे. तेव्हा मात्र मी कचेरीत जाऊन रवंथ करणाऱ्या रेडिओची गोष्ट सांगितली आणि चहाचे दोन कप जास्त मिळवले.

पण उतरवणी चालली. दिवाळीला आम्ही गेलो तेव्हा माजघरातल्या फळीवर बॅटरी आणि डबा, भिंतीतल्या भोकातून सासूबाईंच्या खोलीत गेलेल्या दोन तारा, कोनाड्याच्या मागून खाटेपर्यंत पोचलेल्या, आणि रेडिओ झकास बोलत होता. देवाजवळून तारा नेण्याचं काम साडूंनी उंबऱ्याबाहेर उभं राहून अक्कांकडून करवून घेतलं होतं. सासूबाई खूश होत्या. जावयाचं नाव न घेता खूश होत्या, पण होत्या.

खरं सांगतो, मला ते थोडं लागलं. साडू त्या दिवशी लाळ्या-खुरकुताची लस टोचायला खेड्यांवर गेले होते. सासूबाई मला म्हणाल्या, "बापू, समई मांजर पाडते. देव अंधारात बसून राह्यले." झालं! माझ्यातला मॅट्रिकवाला जागा झाला. दुकानातून टॉर्चचा बल्ब आणला, त्याला दोन तारा लावल्या आणि कोनाड्याच्या मागे रेडिओच्या तारा थोड्या खरवडून तिथेच त्या जोडून टाकल्या. रेडिओ चालू असतानाच. माझा काही 'जोडणी आधी' वगैरे नियम नव्हता. चिकटपट्टी नव्हती म्हणून खिशातल्या कचेरीच्या लाल फितीनं सांधा बांधला. बल्ब लागला. सासूबाईंना पडद्यातून पिवळा ठिपका कळला आणि त्यांनी हात जोडले. "बापूनं देवाले उजेड केला," म्हणाल्या. मी पान लावून खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी खामगाव गाठलं. साडूंना सांगायचं राहून गेलं. अक्कांना वाटलं, नवऱ्यानंच माझ्याकडून जोडून घेतलाय. साडूंना पडद्यामागे उजेड दिसला तो समईचा वाटला.

डब्याचं बटण रात्रंदिवस चालूच असे; आठ दिवसांनी बॅटरी उतरली. साडूंनी ती एस.टी.च्या टपावर चढवून मेहकरला भरायला नेली. आणली, जोडली, स्क्रू आवळले, बटण दाबलं. डबा ढिम्म.

त्यांनी डबा आणि बॅटरी उचलून ओसरीवरच्या आपल्या टेबलावर नेली. तिथे बटण दाबलं, उतरवणी सुरू! रेडिओही तिथे नेऊन लावला, तोही बोलला. पुन्हा आत नेलं, जोडलं, स्क्रू आवळले, बटण दाबलं. ढिम्म. असं दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत चाललं. त्यांनी डब्यातला ट्रान्झिस्टर बदलला, गुंडाळी तीनदा उकलून गुंडाळली, माजघराच्या भिंतीला ओल आहे म्हणून डब्याखाली पोतं घातलं. केस पेपरवर लिहिलं होतं: 'रुग्ण: उतरवणी. वय: चार महिने. लक्षणे: ओसरीवर उभी राहते. घरात बसली की उठत नाही.' मी संक्रांतीला तो कागद मोठ्यानं वाचून दाखवला. माझ्या बायकोनं डोळे वटारले, पण मी कसला थांबतोय! तिळगूळ देताना म्हणालो, "उतरवणीला पण द्या, गोड बोलेल." साडू हसले. ते माझ्या प्रत्येक विनोदाला हसत, हाच त्यांचा मोठा दोष होता.

आणि मग एप्रिलमध्ये अक्कांचं पत्र आलं. सासूबाईंनी फर्मान काढलं होतं, की अखजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, रेडिओ बोलला नाही, तर आपण धाकटीकडे खामगावला जाणार. तिथे घरात वीज आहे. कायमच्या. पत्राच्या तळाशी साडूंच्या अक्षरात एक ओळ होती: 'साडूभाऊ, आई गेल्या तं घर खायला उठेल.' दुसऱ्या एखाद्या जावयानं गावात साखर वाटली असती. पण साडूंची आई ते पाळण्यात असतानाच गेली होती. बारा वर्षं त्यांच्याशी एक शब्द थेट न बोललेली ही बाई त्यांना आई म्हणून हवी होती.

पत्र वाचून मी मात्र वेगळ्याच कारणानं गार पडलो. माझ्याकडे दोन खोल्या. त्यांतली एक सासूबाईंना, त्यांच्या देवांना आणि कापसाच्या भावांना द्यायची म्हणजे मी सकाळी पेपर कुठे वाचायचा? त्या दिवसापासून जानेफळची उतरवणी चालू व्हावी म्हणून जिल्ह्यात सगळ्यांत कळकळीची प्रार्थना कुणी केली असेल तर मी. कचेरीत कुणी विचारलं, तर मी म्हणू लागलो, "हसू नका हो, माणूस मोठा शास्त्रज्ञ आहे."

अखजीला आम्ही पोचलो तेव्हा सासूबाईंची ट्रंक भरून दारात ठेवलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघायचं. पानं मांडली, पुरणपोळी वाढली. साडूंनी एक घास खाल्ला आणि हात थांबवला. त्यांची दाढी वाढलेली होती, डोळे आत गेले होते. म्हणाले, "माह्यं एक चुकलं. जनावर आजारी पडलं, तं आधी त्याले नाई, घरच्याईले विचाराचं असते. नवं काय खाल्लं? कोनं काय टाकलं? मी डब्यालेच विचारत बसलो." आणि डाव्या हातानं केस पेपर आणि पेन्सिल पुढे ओढली. "दिवाळीपासून या तारेले कोनं काई नवं लावलं का?"

अक्का म्हणाल्या, "मी काऊन लावू?" नवऱ्यानंच लावून घेतलेला दिवा नवऱ्याला काय सांगायचा! सासूबाई आतून म्हणाल्या, "म्हणा त्याईले, मी त्या डब्याले हात तरी लावते का?" देवाच्या दिव्याचा आणि डब्याचा काही संबंध असेल हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

आणि तेव्हा, पुरणपोळी तोंडात असताना, मला आठवलं. लख्ख आठवलं. कोनाडा, बल्ब, लाल फीत. दिवाळीपूर्वी यंत्र नीट चालत होतं आणि नंतर एकदाही उठलं नव्हतं, हा हिशोब तर शेंबडं पोरही करील. मी मॅट्रिकला सायन्स घेतलेला माणूस! सहा महिने त्या माणसाची मी टर उडवली होती, आणि दुखणं माझ्याच हातचं होतं.

"साडूभाऊ, तुमी?" साडूंनी विचारलं.

आतल्या खोलीत सासूबाई ऐकत होत्या. बायको वाढत होती. मी घास गिळला.

"काही नाही," मी म्हणालो.

साडूंनी कागदावर ते लिहून घेतलं. मग कागदाकडे थोडा वेळ पाहत बसले आणि ताटावरून उठले. विहिरीवर जाऊन डोक्यावरून दोन बादल्या ओतून घेतल्या, ओला पंचा नेसले आणि सासूबाईंच्या उंबऱ्यात उभे राहिले. अंगावरून पाणी निथळत होतं. अक्कांना म्हणाले, "आईले इचार, देवामागची तार पाहू का? तेवढी चार हात तार मी कधी पायली नाई. बाकी सारं पायलं." आत खाट करकरली. मग उत्तर आलं, "म्हणा त्याईले, या. पन शिवाशिव नको."

साडू आत गेले. पडदा वर केला, वाकले. मी दारात उभा होतो. मला त्यांची पाठ दिसत होती आणि त्यांच्या बोटांत लाल फितीचं टोक. सबंध जानेफळात तशी फीत वापरणारा एकच माणूस येत-जात होता. त्यांनी मान वळवून माझ्याकडे एकदा पाहिलं. रागानं पाहिलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. ते नुसतेच पाहत होते, दवाखान्यात आलेल्या गुराकडे पाहावं तसे, कुठे दुखतंय याचा अंदाज घेत. मग त्यांनी बल्बची एक तार सोडवली, माजघरात गेले, बटण दाबलं. उतरवणीनं बारीक शीळ घातली. रेडिओ लावला, तो भावगीताच्या मधल्याच ओळीपासून एकदम बोलू लागला. आणि मग आमच्या साडूंनी आयुष्यात पहिल्यांदा आपला नियम मोडला. प्रवाह चालू असताना, ओल्या अंगानं, देवामागे जाऊन त्यांनी ती तार पुन्हा जोडली. बल्ब लागला.

"थंडा बल्ब लय भुकेला असते, पयल्या झटक्यात सारी वीज ओढते," ते हळूच मला म्हणाले. "तापला की मंग शांत बसते. उतरवणीचं वासरू उभंच राह्यलं नाई तं त्याच्या पाठीवर ओझं. उठन कसं?" आणि मोठ्यानं, खाटेकडे तोंड करून म्हणाले, "आई, चूक माही होती. मी उतरवणी कमजोर केली. आता आधी ती, मंग रेडिओ, मंग देवाचा दिवा. वेगळं बटण लावून देतो."

सासूबाई पडद्यातल्या पिवळ्या ठिपक्याकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "म्हणा त्याईले, बरं झालं. पन बापूचा दिवा पाहा कसा, सहा महिने बिचारा कोणाच्या चुकीनं अंधारात बसला."

"हाव, आई," साडू म्हणाले. "त्याईचा हात लय हलका हाय."

ट्रंक पुन्हा उघडली गेली, मी दुसऱ्या दिवशी खामगावला आलो, आणि माझी पेपर वाचायची खोली शाबूत राहिली. त्यानंतर कचेरीत साडूंच्या गोष्टी सांगणं मला जमेनासं झालं. जानेफळला गेलो, की मी त्यांच्याबरोबर मेहकरला बॅटरी भरायला जाऊ लागलो. एक कडी त्यांच्या हातात, एक माझ्या. माझ्याही पॅन्टला भोकं पडली. साडूंना वाटलं, मला विजेची गोडी लागली, आणि ते मला वाटेत गाईच्या चार पोटांविषयी सांगत. एकदा मेहकरच्या स्टँडवर मी सगळं धैर्य गोळा करून म्हणालो, "साडूभाऊ, तो देवाचा दिवा..." ते म्हणाले, "मस्त चालून राह्यला. चहा घेता का?" आणि चहा सांगायला निघून गेले.

सासूबाई पुढे सात वर्षं जगल्या. रोज सकाळी साडू आंघोळ करून तीन बटणं क्रमानं दाबत, आणि कधीतरी, कोणत्या दिवसापासून ते अक्कांनाही आठवत नाही, त्या 'म्हणा त्याईले' म्हणायचं विसरल्या. "झाले का भाव सुरू?" असं त्या सरळ त्यांनाच विचारू लागल्या. साडू हे मला प्रत्येक भेटीत सांगत, जणू पहिल्यांदाच सांगतायत.

साडू गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. तेराव्याला अक्कांनी तो तुपाचा डबा माझ्या हातात दिला. "तुमाले लय नाद होता ना याचा, जवाईबापू. तुमीच न्या." झाकण उघडलं, तर आतल्या बाजूला चिकटवलेला तो केस पेपर. तारा, सांधे सगळे त्यांनी नव्यानं डाख देऊन पक्के केलेले. कोनाड्यामागची तेवढी लाल फीत गाठीसकट काढून आत जपून ठेवलेली. कागदावर घरच्यांची उत्तरं पेन्सिलीनं लिहिली होती. मंडळी: काही नाही. आई: काही नाही. धाकटे साडू: काही नाही. त्याच्या पुढे, मागाहून शाईनं, बारीक अक्षरात दोनच शब्द: 'विसरले असतील.'

मी विसरलो नव्हतो.